येसचा 'हेवन अँड अर्थ': इतका गुळमुळीत का झाला?

उलटी_कॅसेट

येसबद्दल इथे अधूनमधून बोलणं निघतं, पण गाडी 'फ्रॅजाइल' (१९७१) नाहीतर 'क्लोज टू द एज' (१९७२) या स्टेशनांपुढे जात नाही. हा धागा मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या अल्बमसाठी. 'हेवन अँड अर्थ', २०१४.

नवख्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९६८ साली लंडनमध्ये गायक जॉन अँडरसन आणि बेसवादक ख्रिस स्क्वायर यांनी हा प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) बँड काढला. पुढे माणसं इतकी आली आणि गेली की वंशावळ काढायला भिंत लागेल, पण स्क्वायर मात्र तोवरच्या प्रत्येक अल्बमवर होता. २००८ मध्ये श्वसनाच्या गंभीर आजारामुळे अँडरसनला दौऱ्यावर जाता येईना. मंडळींनी त्याच्याविनाच पुढे जायचं ठरवलं. कॅनडातल्या एका ट्रिब्यूट बँडमधून बेन्वा डेव्हिडला आणलं, त्याच्यासोबत 'फ्लाय फ्रॉम हिअर' (२०११) केला. तोही आजारपणामुळे बाहेर पडला आणि २०१२ मध्ये जॉन डेव्हिसन आला. डेव्हिसन आधी अमेरिकेतल्या ग्लास हॅमर या बँडमध्ये गायचा. त्याचं नाव स्क्वायरला सुचवलं फू फायटर्सचा ड्रमर टेलर हॉकिन्सने, जो डेव्हिसनचा लहानपणापासूनचा दोस्त.

तर हा संच: डेव्हिसन, स्क्वायर, स्टीव्ह हाऊ (गिटार), ॲलन व्हाईट (ड्रम्स), जेफ डाऊन्स (कीबोर्ड). निर्माता रॉय थॉमस बेकर, म्हणजे क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वाला. मुखपृष्ठ रॉजर डीनचं. आठ गाणी, एकावन्न मिनिटं. कागदावर काय कमी आहे सांगा.

आणि तरीही ऐकताना जीव कंटाळतो. राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण रागावण्याजोगंही त्यात काही नाही. गाणी सुरू होतात, गोड असतात, आणि जिथे सुरू झाली तिथेच बसून राहतात. 'द गेम' पावणेसात मिनिटांचं आहे, त्यातलं सांगण्यासारखं साडेतीन मिनिटांत सांगून झालेलं असतं. 'स्टेप बियाँड'मधली ती कीबोर्डची टुणटुण उडी पहिल्यांदा गंमत वाटते, तिसऱ्यांदा दाराची बेल वाटते. 'इट वॉज ऑल वी न्यू' हे हाऊने एकट्याने रचलेलं गाणं सहलीला निघालेल्या बालवर्गाला शिकवावं इतकं निरागस आहे. हाऊने! 'सायबेरियन खात्रू' वाजवणाऱ्या हाऊने!

सगळीकडे डेव्हिसनला झोडपतात. अँडरसनची नक्कल, म्हणे. मला ते पटत नाही. त्याचा गळा स्वच्छ आहे, सूर पक्का आहे, आणि आठातल्या सात गाण्यांच्या रचनेत त्याचं नाव आहे. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते त्या नावांच्याच यादीत सापडतं. 'टू असेंड' व्हाईट आणि डेव्हिसनचं. 'सबवे वॉल्स' डाऊन्स आणि डेव्हिसनचं. 'बिलीव्ह अगेन' आणि 'स्टेप बियाँड' हाऊ आणि डेव्हिसनची. 'इन अ वर्ल्ड ऑफ अवर ओन' स्क्वायर आणि डेव्हिसनचं. म्हणजे नवा मुलगा एकेकाकडे जाऊन, त्यांच्या सुरावटी घेऊन गाणी बांधत होता. हाऊच्या गाण्यात स्क्वायरने खोडा घातला, स्क्वायरच्या गाण्यात हाऊ आडवा आला, असं रेकॉर्डवर एकदाही ऐकू येत नाही. जो तो दुसऱ्याला 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतोय. येसच्या संगीतात पाच जण एकाच वेळी बोलत असत आणि तरी वाक्य पूर्ण होत असे. इथे पाच जण एकाच वेळी माना डोलावतात.

तुमचं मत काय?

साडेसात_मात्रा

अगदी सहमत, पण तुम्ही लयीबद्दल काहीच बोलला नाहीत? अख्खा अल्बम एकाच मध्यम चालीने चालतो. मी प्लेअरमध्ये वेग थोडा वाढवून ऐकला. करून बघा. 'बिलीव्ह अगेन' एकदम जागं होतं. याचा अर्थ रचना ठीक आहे, लय घेतली खाली.

फुकट_फौजदार

वेग वाढवून ऐकायला लागणारा अल्बम. झालं की मग परीक्षण. धागा बंद करा.

पार्ल्याची_मैना

मला हा अल्बम आवडतो, आणि मी लाजत नाही.

'लाइट ऑफ द एजेस'ची सुरुवात ऐका, ती स्टील गिटार. 'टू असेंड' ऐका. किती मोकळं, हवेशीर गाणं आहे! तुम्हा लोकांना प्रोग म्हणजे गणिताचा पेपर वाटतो. सात मात्रांत वाजवा, अकरा मात्रांत वाजवा, मधेच थांबा, मग सगळ्यांनी मिळून धावा. साठी ओलांडलेल्या माणसांनी जरा निवांत बसून गावं तर लगेच 'संपले, संपले'. आणि लोकांनी काही पाठ फिरवली नव्हती. ब्रिटनच्या यादीत २० वा आणि अमेरिकेत २६ वा क्रमांक होता.

उलटी_कॅसेट

मैनाताई, संथपणावर माझी तक्रार नाहीच. 'क्लोज टू द एज'च्या मधला 'आय गेट अप, आय गेट डाऊन'चा भाग घ्या. सगळा ताल थांबलेला, नुसते आवाज तरंगतायत. यापेक्षा संथ काय असणार? पण तिथे खाली दुसरे आवाज वेगळे शब्द घेऊन अँडरसनला छेद देत असतात, आणि मग चर्चचा ऑर्गन येऊन सगळं उलथवून टाकतो. संथ जागेत काहीतरी शिजतंय हे कळतं. 'टू असेंड' छान गुणगुणता येतं, मान्य. पण दुसऱ्या कडव्यात पहिल्यापेक्षा काय नवं घडतं, एवढंच सांगा.

आणि क्रमांकाचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात विकत घेणारे सगळे आपल्यासारखेच. नाव बघून घेणारे.

बेसकामगार

मी बेस वाजवतो (हौशी, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नाही, आधीच सांगतो), म्हणून माझ्या खिडकीतून बोलतो.

स्क्वायर काय करायचा हे आधी नीट समजून घ्या. रिकेनबॅकर बेस, पिकने वाजवायचा, आणि वाद्यातून दोन वेगळे सिग्नल काढायचे. एक जाडा, खर्जाचा, बेस ॲम्प्लिफायरकडे. दुसरा धारदार, गिटारच्या ॲम्प्लिफायरकडे. त्यामुळे त्याचा बेस तळाशीही असायचा आणि गिटारच्या खांद्याला खांदा लावून वरही असायचा. 'राऊंडअबाऊट' आठवा. बेस काढून टाका, गाणं उरतच नाही. 'हार्ट ऑफ द सनराइज' तर बेसवाल्याने बाकीच्यांना फरफटत नेलेलं गाणं आहे. १९८० च्या 'ड्रामा'तलं 'टेम्पस फ्युजिट' ऐकून मी माझा बेस महिनाभर पेटीत ठेवला होता.

'हेवन अँड अर्थ'मध्ये हाच माणूस बहुतेक वेळ मूळ स्वर धरून चालतो. वाजवतो सुरेख, पण साथीदारासारखा. रेकॉर्डिंगमध्येही तो मागे आहे. पुढे कोण, तर गायक, आणि त्याच्याभोवती कीबोर्डची मऊ गादी. कॅसेटरावांचा 'आधी तुम्ही' मुद्दा मला बेसच्या पट्टीवरच दिसतो.

साडेसात_मात्रा, तुमचा वेगाचा प्रयोग मीही केला. चाल सुटली. बेस जिथे होता तिथेच राहिला.

एडिसनकर

स्क्वायर २०१५ च्या २७ जूनला रक्ताच्या कर्करोगाने गेला. हा त्याचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. तो तेव्हा आजारी असणार, असं नाही का वाटत? मला तरी त्याच्यावर टीका करताना जड जातं.

बेसकामगार

आजार जाहीर झाला मे २०१५ मध्ये. रेकॉर्डिंग २०१४ च्या सुरुवातीला झालं. शरीरात तेव्हा काय चाललं होतं ते आपण घरबसल्या ठरवू नये. पण २०१४ च्या उन्हाळ्यातल्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज' हे दोन्ही अल्बम संपूर्ण वाजवले. बोटं चालत होती.

एडिसनकर

हो, त्या दौऱ्यातला एक कार्यक्रम मी पाहिलाय. त्या दोन अल्बमांच्या जोडीला नव्यातली दोनच गाणी, 'बिलीव्ह अगेन' आणि 'द गेम'. ती सुरू झाली तेव्हा माझ्या रांगेतले काका लोक बिअर आणायला उठले. काही दुष्टपणा नव्हता त्यात. मलाही वाटलं की आता पार्किंगचं तिकीट बघून घ्यावं. मग 'हार्ट ऑफ द सनराइज' लागलं आणि सगळे पळत परत आले.

स्वतःचा अल्बम ज्या नावाने विकायचा, त्याच्याच दोन सर्वोत्तम अल्बमांच्या शेजारी तो वाजवायचा. कुणी असा सल्ला दिला देव जाणे.

खर्डा_बहाद्दर

कॅसेटराव, तुमच्या सिद्धान्ताला मोठं भोक आहे. भांडणातून चांगलं संगीत येतं म्हणता? मग १९९१ चा 'युनियन' येसचा सर्वश्रेष्ठ अल्बम असायला हवा. आठ जण, दोन तट, व्यवस्थापक वेगळे, वकील वेगळे. निघालं काय? येसचा जुना कीबोर्डवाला रिक वेकमन त्याला 'अनियन' (कांदा) म्हणतो, कारण ऐकलं की डोळ्यांत पाणी येतं. त्या अल्बमसमोर 'हेवन अँड अर्थ' म्हणजे अमृत.

उलटी_कॅसेट

वा, हा प्रश्न यायलाच हवा होता.

'युनियन'मध्ये भांडण झालं ते स्टुडिओच्या बाहेर. एका बाजूला अँडरसन, ब्रुफर्ड (येसचा पहिला ड्रमर), वेकमन, हाऊ. दुसऱ्या बाजूला स्क्वायर, रेबिन (गिटार), केय (कीबोर्ड), व्हाईट. दोन्ही गटांनी आपापली गाणी वेगळी केली, अँडरसन तेवढा दोन्हीकडे गायला. वर निर्मात्याने वेकमन आणि हाऊच्या बऱ्याच जागा बाहेरच्या वादकांकडून भरून घेतल्या. आठ जणांचा अल्बम म्हणून जाहिरात झाली, पण आठ जण एका खोलीत वाजवतच नव्हते.

मी ज्या घासाघाशीबद्दल बोलतोय ती वेगळी. १९७२ मध्ये ब्रुफर्ड आणि स्क्वायर एकमेकांना वैतागलेले असायचे. स्क्वायर सदानकदा उशिरा येणार, आल्यावर एकेका स्वरावर तासन्‌तास घालणार. ब्रुफर्ड 'क्लोज टू द एज' संपताच बँड सोडून किंग क्रिमसनमध्ये गेला. पण जाण्याआधी ते सगळं भांडण टेपवर उतरलं होतं. ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डने तुकडे कापून जोडून अठरा मिनिटांचं गाणं उभं केलं, आणि त्या प्रत्येक तुकड्यासाठी पाचही जण एकाच स्टुडिओत घाम गाळत होते.

दोन अल्बम वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडले, पण एक गोष्ट दोन्हीकडे नाही: पाच जणांनी एकत्र बसून गाणं मोडणं आणि पुन्हा बांधणं.

खर्डा_बहाद्दर

ठीक आहे, भोक बुजवलंत. पण मग 'ड्रामा'चं काय? अँडरसन नाही, वेकमन नाही, आणि त्यांच्या जागी बगल्सचे दोन पॉपवाले, ट्रेव्हर हॉर्न आणि हेच आपले डाऊन्स.

बेसकामगार

'ड्रामा' उलट कॅसेटरावांच्याच बाजूने बोलतो. गायक बदलला की येस संपतो असं म्हणणाऱ्यांना तो अल्बम ऐकवावा. 'मशीन मसाया'ची सुरुवात हेवी मेटलवाल्यांनाही मान खाली घालायला लावेल. लोक संतापले होते, तरी ब्रिटनमध्ये अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला. तिथे स्क्वायर, हाऊ, व्हाईट आधीच एकत्र सराव करत होते, आणि बाहेरून आलेल्या दोघांना त्यात स्वतःची जागा लढून मिळवावी लागली. २०१४ मध्ये डेव्हिसनला जागा आयती मिळाली, आणि त्याने बदल्यात सगळ्यांना खूश ठेवलं.

साडेसात_मात्रा

निर्मात्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून एक आठवण. रॉय थॉमस बेकर आणि येस यांची ही पहिली भेट नव्हे. १९७९ च्या अखेरीस पॅरिसमध्ये हेच बेकर येसचा अल्बम करत होते. ते सगळं फिसकटलं. अँडरसन आणि वेकमन एका बाजूला, बाकी तिघे दुसऱ्या बाजूला. त्यातच ॲलन व्हाईटने रोलर स्केटिंग करताना पाय मोडून घेतला, सोबत होता चक्क रिचर्ड ब्रॅन्सन. अल्बम बारगळला, दोघे बाहेर पडले, आणि त्यातूनच 'ड्रामा'चा रस्ता उघडला.

म्हणजे बेकर पहिल्यांदा आले तेव्हा भांडण इतकं की काम पुढे सरकेना. पस्तीस वर्षांनी आले तेव्हा भांडायलाच कुणी नाही. आणि मिक्सिंग शेवटी येसच्याच एका जुन्या साथीदाराने, बिली शेरवूडने केलं. निर्मात्याचा ठसा कुठे आहे मला सापडत नाही. क्वीन आणि द कार्सच्या रेकॉर्डवर आवाजांच्या ज्या भिंती बेकरने उभ्या केल्या, त्यातली एक वीटही इथे नाही.

पावभर_गोवा

अवांतर: वेकमनचं नाव निघालंच आहे तर ती मँचेस्टरची गोष्ट कोणी सांगणार आहे की नाही?

१९७३ चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवर अँडरसनने दुहेरी अल्बम रचला. श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र, एकेकासाठी रेकॉर्डची एकेक बाजू. आपल्याकडे कीर्तनकारही इतका वेळ मागत नाहीत. वेकमनला तो प्रकार अजिबात पसंत नव्हता. दौऱ्यात तो इतका कंटाळला की मँचेस्टरला चालू कार्यक्रमात त्याच्या मदतनिसाने कीबोर्डच्या मागे जेवण आणून मांडलं आणि त्याने ते तिथेच खाल्लं. त्याच्याच सांगण्याप्रमाणे चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू आणि भरलेला पराठा. शास्त्रांवरच्या अल्बमात गोव्याची भर पडली ती अशी. पुढे १९७४ मध्ये तो बाहेर पडला.

पार्ल्याची_मैना

भेंडी आणि विंदालू एकत्र? तिथेच बँड फुटायला हवा होता.

पण यावरून मला एक सुचलं. 'टेल्स' हासुद्धा त्या काळी निराशाजनकच ठरवला होता ना? फुगलेला, लांबलेला, म्हणून समीक्षकांनी धुतला. आज त्याचे भक्त आहेत. 'हेवन अँड अर्थ'चेही होतील. थांबा थोडं.

उलटी_कॅसेट

'टेल्स'चे भक्त झाले कारण त्यात पकडायला काहीतरी आहे. 'रिच्युअल'मध्ये तर स्क्वायर आणि व्हाईटने नगाऱ्यांचा असा दंगा घातलाय की शेजारी विचारतात. आवाक्यापलीकडचं काम हाती घेऊन कोसळणं एक, आणि आवाक्यातलंच घेऊन आरामात पार पाडणं दुसरं. मी पहिल्याकडे परत परत जातो.

तुमच्यासाठी एक कबूल करतो. 'सबवे वॉल्स'. शेवटचं गाणं, नऊ मिनिटं. सुरुवातीला कीबोर्डवरची व्हायोलिनं सिनेमासारखी येतात, मग बेस एक विषम मात्रांचा तुकडा धरतो आणि सोडत नाही. डाऊन्सचा ऑर्गन त्यावर चढतो, हाऊ त्याला उत्तर देतो. तेवढ्यापुरतं का होईना, खोलीत पाच माणसं आहेत असं वाटतं. ते गाणं ऐकूनच मला बाकीच्या चाळीस मिनिटांचा राग येतो. जमत होतं की!

साडेसात_मात्रा

'सबवे वॉल्स'ला +१. तो तुकडा हातावर मोजायला बसलो तर मधेच चहा उतू गेला.

फुकट_फौजदार

वय झालं हो सगळ्यांचं, एवढा काथ्याकूट कशाला? हाऊ सदुसष्टचा, स्क्वायर सहासष्टचा. नाटक नव्या संचात आणतात तेव्हाही तिकीट जुन्या आठवणींवर खपतं. तालमी होवोत न होवोत.

खर्डा_बहाद्दर

वयाचं कारण नको. रश या तिघांच्या प्रोग बँडचा 'क्लॉकवर्क एंजल्स' २०१२ चा आहे. तिघेही साठीच्या उंबरठ्यावर, आणि दणकून वाजवलाय. फरक इतकाच की ते तिघे १९७४ पासून तेच तिघे होते, आणि शेवटपर्यंत एकमेकांना 'हे नाही जमलं' म्हणू शकत होते.

एडिसनकर

नव्या संचावरून आठवलं, पुढचंही कोणीतरी लिहा. स्क्वायरने जाण्याआधी आपली जागा शेरवूडला घ्यायला सांगितली. मग 'द क्वेस्ट' (२०२१) आला, 'मिरर टू द स्काय' (२०२३) आला, दोन्हींचा निर्माता स्वतः हाऊ. मधे २०२२ मध्ये व्हाईटही गेला. आणि तिकडे अँडरसनने बँड गीक्स नावाच्या तरुण मंडळींसोबत २०२४ मध्ये 'ट्रू' काढला. माझ्या मते 'ट्रू'मध्ये जास्त येस आहे.

बेसकामगार

'ट्रू'शी सहमत. तिथला बेसवाला स्क्वायरचा अभ्यास करून आलाय आणि अँडरसनच्या आवाजाला बिनधास्त धक्के देतो. म्हाताऱ्याला ते आवडतंय हे ऐकू येतं.

'मिरर टू द स्काय' मात्र 'हेवन अँड अर्थ'पेक्षा पुष्कळ बरा. शीर्षकगीत जवळपास चौदा मिनिटांचं आहे आणि हाऊ त्यात खरोखर कुठेतरी जातो.

पार्ल्याची_मैना

बघा, म्हणजे डेव्हिसन तोच, हाऊ तोच, डाऊन्स तोच, आणि अल्बम बरा. मग 'हेवन अँड अर्थ'ला घाई नडली असं का म्हणत नाही? जानेवारी ते मार्च रेकॉर्डिंग, जुलैत अल्बम बाजारात, लगेच दौरा.

उलटी_कॅसेट

मैनाताई, हे पटलं. माझ्या मुद्द्यात ते बसतंही. एकमेकांच्या गाण्यात हात घालायला वेळ लागतो, आणि दौऱ्याची तारीख आधी ठरलेली असेल तर कोण कुणाचं गाणं मोडणार? 'छान आहे, पुढे चला.' गीतं, चाली, गायक, सगळं तीन महिन्यांत मावतं. वाद मावत नाही.

पुढच्या धाग्यात १९९७ चा 'ओपन युअर आईज' घ्यायचा का? तो स्क्वायर आणि शेरवूडच्या वेगळ्याच प्रकल्पातून येसचा झाला, तिथेही हाच घोळ आहे.

खर्डा_बहाद्दर

घ्या. पण आधी मला 'युनियन'वर लिहू द्या, कांदे आणून ठेवलेत.

फुकट_फौजदार

वाचनखूण साठवली. (धागा बंद करा हे मागे घेत नाही.)